गुडघ्याचा छेद आणि अपूर्णांकाचा छेद

वर्तमानपत्राची विदर्भ आवृत्ती उघडली, की आरोग्याच्या पानावर किंवा त्या पानाशेजारच्या जाहिरातीत गुडघा हमखास भेटतो. छेद अवघा चार इंचांचा, स्नायू कापण्याची गरज नाही, रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतो आणि तिसऱ्या दिवशी घरी जातो, अशा धर्तीची ही वाक्ये असतात. सोबत एखाद्या वृद्ध जोडप्याचे हसरे छायाचित्र असते. मजकूर बातमीच्या रूपात असो वा जाहिरातीच्या, सांगणे एकच असते: पूर्वीची गुडघेबदलाची शस्त्रक्रिया मोठी होती, आता ती लहान झाली आहे, म्हणून ती अधिक चांगली आहे.

या वाक्यातील 'म्हणून' हा शब्द आम्हाला तपासून पाहायचा आहे. आम्ही शल्यचिकित्सक नाही. संशोधन हा आमचा व्यवसाय आहे आणि दाव्यामागचा पुरावा पारखणे हे त्यातले रोजचे काम. ही पारख करायला वैद्यकाची पदवी लागत नाही. शाळेतले भूमिती, अपूर्णांक आणि नियंत्रित प्रयोगाची कल्पना एवढे भांडवल पुरते.

हा विषय शिक्षकांसाठीच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर गोंदिया जिल्ह्यात सापडते. हा धानाचा मुलूख. पऱ्हे उपटणे, रोवणी, निंदण, कापणी ही सारी कामे वाकून, उकिडवे बसून, बांधीच्या चिखलात पाय रोवून करायची. घरी चूल जमिनीवर, जेवण मांडी घालून. साठीच्या आसपास गुडघे बोलू लागतात. 'गादी झिजली', 'ग्रीस संपले' असे शब्द देवरीच्या बाजारातही ऐकू येतात. मोठ्या उपचारासाठी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे, ही सवय जुनी आहे. २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी गुडघ्याचा निर्णय घेताना अनेक कुटुंबांची नजर नागपूरकडेच वळते. मग घरातला मुलगा जाहिरातीचे कात्रण घेऊन शाळेत येतो आणि विचारतो, 'गुरुजी, यात खरे किती?' प्रश्न लाखभर रुपयांचा, कधी विकायला काढलेल्या अर्ध्या एकराचा असतो. त्याला उत्तर देता आले पाहिजे.

नेमके काय बदलतात?

'गुडघा बदलणे' या शब्दांनी थोडा गैरसमज होतो. संपूर्ण सांधा काढून दुसरा बसवला जातो असे नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवर निरोगी माणसात गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला, की हाडावर हाड घासते. शस्त्रक्रियेत ही झिजलेली टोके सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीने कापून सपाट करतात. मांडीच्या हाडावर कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी आणि नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसवतात. दोहोंच्या मध्ये अतिशय दाट पॉलिएथिलीनची चकती असते. बहुतेक वेळा हे भाग ॲक्रिलिक सिमेंटने हाडाला जोडतात. थोडक्यात, हा दाताला टोपी घालण्यासारखा प्रकार आहे. मात्र या टोपीवर सगळ्या शरीराचे ओझे येते.

या कल्पनेला शतकाहून अधिक इतिहास आहे. १८९० साली जर्मनीत थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवून पाहिली. जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग टिकले नाहीत. गुडघा ही नुसती बिजागरी नाही. तो दुमडताना मांडीचे हाड नडगीवर घरंगळते, घसरते आणि थोडे फिरतेही. हे ध्यानात घेऊन केलेली आजच्या स्वरूपाची रचना १९७४ साली न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'मध्ये वापरात आली. जॉन इन्सॉल यांच्यासह तिच्या निर्मात्यांमध्ये मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. त्या बातम्यांनी 'गुडघेबदल' हा शब्द भारतात घरोघरी पोचवला.

'लहान' म्हणजे काय?

रूढ पद्धतीत त्वचेवरचा छेद सुमारे २० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असतो. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या कडेने, वर मांडीच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेतून मार्ग काढतात आणि वाटी उलटी करून बाजूला ठेवतात. सगळा सांधा डोळ्यांसमोर उघडा होतो.

लहान छेदाच्या पद्धतीची सुरुवात १९९० च्या दशकात अमेरिकेत झाली. जॉन रेपिची यांनी गुडघ्याची केवळ एक बाजू बदलण्याची शस्त्रक्रिया लहान छेदातून करून दाखवली. २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत संपूर्ण गुडघेबदलासाठीही ती वापरात आली. छेद १० ते १४ सेंटिमीटरवर आला. त्वचा ताणता येते, म्हणून गुडघा कमी-अधिक दुमडून तीच लहान खिडकी वर-खाली सरकवतात आणि सांध्याचा एकेक भाग पाहतात. वाटी उलटी करत नाहीत, फक्त बाजूला सारतात. आकाराने लहान केलेली हत्यारे वापरतात.

येथे पहिली मेख आहे. 'लहान' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत: त्वचेवरचा छेद लहान, स्नायूची कापाकापी कमी, आणि सांध्याची ओढाताण कमी. वेदना आणि अशक्तपणा यांचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीशी आहे. त्वचेवरचा छेद लहान ठेवूनही आत स्नायू कापला जाऊ शकतो. उलट, छेद मोठा घेऊनही स्नायू राखता येतो. स्नायूच्या खालून सांध्यात शिरण्याची वाट तर मुळीच नवी नाही. तिचे वर्णन १९२९ साली जर्मनीत झाले होते आणि १९९१ साली अमेरिकेत तिला पुन्हा उजाळा मिळाला. पण छायाचित्रात स्नायू दिसत नाही, व्रण दिसतो. म्हणून जाहिरात व्रणाविषयी बोलते.

चार मिलिमीटरची गोष्ट

आता भूमिती. उभ्या माणसाच्या खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा काढली, तर ती साधारणपणे गुडघ्याच्या मध्यातून जावी, असे रूढ शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट असते. या रेषेत ३ अंशांपर्यंतची चूक क्षम्य मानण्याचा प्रघात आहे. हे ३ अंश किती लहान आहेत, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. नडगीच्या हाडाचे वरचे टोक सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असते. ३ अंशांची स्पर्शज्या ०.०५२. म्हणजे हाड कापताना आतल्या व बाहेरच्या कडेच्या उंचीत ७ × ०.०५२ = ०.३६ सेंटिमीटर, चार मिलिमीटरहूनही कमी फरक पडला, की ३ अंश संपले. नडगीची लांबी ३६ सेंटिमीटर धरली, तर तोच कोन घोट्याशी जवळजवळ १.९ सेंटिमीटरचा सरकाव देतो.

हा हिशेब महत्त्वाचा का? चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो तिपटीहून अधिक होतो. ६० किलो वजनाची बाई चालते, तेव्हा तिचा गुडघा दर पावलाला सुमारे १५० किलोचे ओझे पेलतो. दिवसाला ५,००० पावले धरली, तर एका पायाच्या वाट्याला २,५०० येतात. वर्षाला सव्वानऊ लाखांच्या जवळपास, आणि २० वर्षांत १ कोटी ८२ लाख. हा भार चकतीच्या एकाच कडेवर पडू लागला, तर ती लवकर झिजण्याची आणि तबकडी सैल होण्याची भीती असते.

म्हणजे हाड नेमके कापले गेले की नाही आणि भाग नेमके बसले की नाही, यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असू शकतात. त्यासाठी शल्यचिकित्सकाला सांधा नीट दिसावा लागतो. खिडकी लहान केली, की दिसणे कमी होते. कुशल आणि सराव झालेला हात त्यावर मात करू शकतो. परंतु अशा हाताचे निष्कर्ष प्रत्येक हाताला लागू होतात असे नाही.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी. ३ अंशांची ही रेषा काही लक्ष्मणरेषा नव्हे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने २०१० साली ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा या मर्यादेच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा अधिक टिकले असे आढळले नाही. प्रत्येक माणसाचा मूळ कल जपावा की सर्वांना एका सरळ रेषेत आणावे, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. तरीही एका गोष्टीवर दुमत नाही: जे ठरवले, ते हातून नेमके घडले पाहिजे. छेदाची लांबी हे त्याचे माप नव्हे.

तुलना कोणाशी?

लहान छेदाचे सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. रुग्ण लवकर उठले, लवकर घरी गेले. पण त्यांची तुलना कोणाशी झाली? बहुधा त्याच रुग्णालयातील आधीच्या वर्षांतल्या रुग्णांशी. या मधल्या काळात केवळ छेद बदललेला नव्हता. वेदनाशामक देण्याची पद्धत बदलली होती. पायापुरती बधिरता आणणारी इंजेक्शने वापरात आली होती. रुग्णाला त्याच दिवशी उभे करायचे, हा नवा शिरस्ता पडत होता. रुग्णांची निवडही पारखून होत होती. फार स्थूल, फार वाकडे पाय असलेले वगळले जात. इतके सारे बदल एकत्र केल्यावर श्रेय मात्र एकट्या छेदाला दिले गेले. नवे बियाणे, नवे खत आणि वेळेवरचा पाऊस एकाच वर्षी मिळाले असताना वाढलेल्या धानाचे श्रेय फक्त बियाण्याला देण्यासारखेच हे झाले.

नियंत्रित प्रयोगाचा उत्तम नमुना खुब्याच्या शस्त्रक्रियेत सापडतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे २१९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटात छेद १० सेंटिमीटर किंवा कमी, दुसऱ्यात १६ सेंटिमीटर. भूल, वेदनाशामक, व्यायाम सगळे सारखे. आपला छेद कोणता, हे रुग्णांना कळू दिले नाही. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लहान छेद सुरक्षित होता, परंतु सुरुवातीच्या चालण्यात वा रुग्णालयातून लवकर सुटण्यात त्याने फरक पडला नाही. सर्वांना एकसारखी वागणूक मिळाली, तेव्हा छेदाच्या लांबीची जादू ओसरली.

गुडघ्यावरही अशा यादृच्छिक वाटणीच्या अनेक चाचण्या झाल्या आणि त्यांचे एकत्रित आढावे निघाले. त्यांचे तात्पर्य साधारण असे: पहिल्या काही आठवड्यांत लहान छेदाच्या रुग्णांना थोडा फायदा मिळतो, पाय थोडा लवकर दुमडतो आणि उचलला जातो. सहा महिने ते वर्षभरात दोन्ही गट बरोबरीला येतात. शस्त्रक्रियेला वेळ मात्र अधिक लागतो. म्हणजे दावा सर्वस्वी खोटा नाही. तो काही आठवड्यांचा दावा आहे, आणि सांगितला जातो मात्र आयुष्यभराचा असल्यासारखा.

हरवलेला छेद

आपल्या गणितात 'छेद' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. अपूर्णांकात वर अंश असतो आणि खाली छेद. दहा रुग्ण हसतमुखाने चालत गेले, हा अंश झाला. किती जणांपैकी दहा? हा छेद. जाहिरातीत त्वचेवरचा छेद सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. अपूर्णांकाचा छेद दिलेला नसतो.

हा छेद हरवला, की टीकाकारही फसू शकतात. अमेरिकेतील तीन केंद्रांनी तीन वर्षांत दुरुस्तीसाठी आलेल्या, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या, २३७ गुडघ्यांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध केली. जंतुसंसर्गाने बिघडलेले गुडघे तीत धरलेले नव्हते. २३७ पैकी ४४ लहान छेदाचे होते. लहान छेदाचे गुडघे सरासरी १४.८ महिन्यांत, तर रूढ पद्धतीचे सरासरी ८० महिन्यांनी दुरुस्तीला आले होते. आकडे ऐकून धक्का बसतो. पण जरा थांबून विचार करू. समजा, एका नव्या कंपनीचे पाणी उपसायचे पंप बाजारात येऊन दोनच वर्षे झाली आहेत. दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या त्या कंपनीच्या पंपाचे वय दोन वर्षांपेक्षा जास्त असूच शकत नाही. जुन्या कंपनीचे पंप सात-आठ वर्षांचेही असतील. एवढ्यावरून नवा पंप वाईट ठरत नाही. नवे पंप एकूण किती विकले गेले आणि त्यांपैकी दोन वर्षांत किती बिघडले, हे कळले पाहिजे. आणि जुने पंप पहिल्या दोन वर्षांत किती बिघडले होते, हेही. लहान छेदाची पद्धत तेव्हा नवीच होती, हे लक्षात घेतले, तर १४.८ आणि ८० यांची सरळ तुलना न्याय्य नाही. तरीही नव्या पद्धतीचे इतके गुडघे दोन वर्षांच्या आत परत यावेत, ही सावध करणारी खूण होतीच. खूण आणि सिद्धता यांतला भेद वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

हा छेद मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे नोंदवही. स्वीडनने १९७५ पासून देशभरच्या गुडघेबदलांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील नोंदवह्यांवरून २०१९ साली काढलेला अंदाज सांगतो, की संपूर्ण बदललेले १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. भारतात सांधेबदल करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, परंतु ती स्वेच्छेने केलेल्या नोंदींवर आधारलेली आहे. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाच्या स्वतःच्या यशाचा आकडा बाहेरून पडताळून पाहणे रुग्णाला जवळजवळ अशक्य असते.

छिद्रांचा आणखी एक धडा

लहान म्हणजे निरुपद्रवी आणि उपयुक्त, या समजुतीला गुडघ्यानेच एकदा चांगला धक्का दिला आहे. झिजलेल्या गुडघ्यात दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण घालून आतला भाग धुण्याची आणि खरवडण्याची शस्त्रक्रिया फार लोकप्रिय होती. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर तिची चाचणी झाली. काहींचा गुडघा धुतला, काहींचा खरवडला, आणि काहींच्या त्वचेवर नुसते छेद देऊन आत काहीही केले नाही. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना सांगितले नव्हते. अर्थात चाचणीला त्यांची आधीच संमती घेतली होती. २००२ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांत कोणत्याही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा बरे नव्हते. खोटी शस्त्रक्रिया झालेल्यांनाही बरे वाटले होते. 'मला बरे वाटले' ही साक्ष खरी असते. कशामुळे बरे वाटले, हे मात्र ती सांगू शकत नाही.

जे विचारले जात नाही

गोंदियाच्या शेतकरी बाईचा खरा प्रश्न काय असतो? व्रण किती लांब राहील, हा नक्कीच नसतो. मला जमिनीवर बसता येईल का, शेतात जाता येईल का, हा असतो. बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत दुमडतो. उकिडवे बसायला १३० अंशांहून अधिक लागतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती दुमडेल, याचा सर्वांत चांगला अंदाज तो शस्त्रक्रियेपूर्वी किती दुमडत होता यावरून येतो. छेद आखूड केल्याने मांडी घालता येऊ लागत नाही. चकतीवर ताण नको म्हणून अनेक शल्यचिकित्सक उकिडवे बसू नका असेच सांगतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर घरात कमोड लागेल, चूल ओट्यावर घ्यावी लागेल, निंदण दुसऱ्याकडे सोपवावे लागेल. ही माहिती आधी मिळाली, तर कुटुंब तयारीत राहते. नंतर कळली, तर फसवल्यासारखे वाटते.

दुसरा प्रश्न पैशाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या गुडघ्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती, त्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. हे चांगलेच झाले. पण ही मर्यादा वस्तूवर होती. खोली, भूल, शल्यचिकित्सकाचे शुल्क आणि 'विशेष तंत्र' या नावाखाली लावलेली रक्कम तिच्या कक्षेबाहेर राहिली. वस्तूचे नाव सांगून जास्त पैसे घेता येत नसतील, तर तंत्राचे नाव सांगून घेता येतात. म्हणून तंत्राच्या नावाची चिकित्सा अधिकच गरजेची आहे, असे आमचे मत आहे.

आता जाहिरातींत 'लहान छेदा'ची जागा बऱ्याच ठिकाणी 'रोबो'ने घेतली आहे. यंत्राच्या मदतीने हाड अधिक नेमके कापले जाते, हे अभ्यासांत दिसते, आणि वर सांगितलेली भूमिती पाहता हा दावा निदान योग्य गोष्टीविषयी तरी आहे. परंतु दक्षिण कोरियातील एका मोठ्या यादृच्छिक चाचणीत, ज्यात रुग्णांवर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले, यंत्राच्या मदतीने व त्याविना केलेल्या गुडघ्यांच्या टिकण्यात व कामात फरक आढळला नाही. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. ती यंत्रे आता जुनी झाली, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. मग नव्या यंत्रांचा दहा वर्षांचा पुरावा दहा वर्षांनीच मिळेल, हेही मान्य करावे लागते.

शस्त्रक्रिया वाईट नाही

या टीकेचा अर्थ गुडघेबदल करू नये असा कोणी घेऊ नये. झीज टोकाला गेली असेल, तर ही विसाव्या शतकातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना १२ आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला आणि औषधे दिली. निम्म्यांची त्याआधी शस्त्रक्रिया केली. वर्षाने पाहिले, तर शस्त्रक्रिया झालेल्यांना स्पष्टपणे अधिक आराम होता. गंभीर दुष्परिणामही त्यांच्यातच अधिक होते. मात्र नुसत्या व्यायाम-औषधांच्या गटातही सुधारणा झाली आणि त्या ५० पैकी केवळ १३ जणांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. एक किलो वजन उतरले, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हेही मोजून सिद्ध झाले आहे. शस्त्रक्रिया हा शेवटचा आणि चांगला उपाय आहे, पहिला नव्हे.

वयाचाही विचार हवा. सत्तरीनंतर गुडघा बदललेल्या १०० जणांपैकी सुमारे पाच जणांनाच उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलून घेणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण १०० पैकी ३५ पर्यंत जाते, असे ब्रिटनमधील २०१७ च्या अभ्यासात दिसले. तरुण वयात 'छोटेसेच ऑपरेशन' म्हणून घाई करणाऱ्याला हा आकडा कोणी दाखवतो काय?

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात उपचारांच्या जाहिरातींची पाच-सहा कात्रणे जमवावीत. रुग्णालयांची नावे झाकावीत, म्हणजे चर्चा दाव्यावर राहील. प्रत्येक कात्रणाला विद्यार्थ्यांनी पाच प्रश्न विचारावेत. निदान काय आहे? (पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो, त्यात खुब्याचे हाड बिघडले, तरी वेदना गुडघ्यात जाणवू शकते.) फायदा कोणत्या मापाने मोजला? किती काळानंतर मोजला? कोणाशी तुलना करून मोजला? आणि किती जणांपैकी? बहुतेक कात्रणांत पहिल्या दोन प्रश्नांपुढे काहीतरी लिहिता येईल आणि शेवटच्या तिन्हींपुढे जागा कोरी राहील. हा कोरेपणा मुलांनी स्वतः पाहणे, हाच त्या तासाचा धडा.

कात्रण घेऊन आलेल्या मुलालाही हेच पाच प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न जादा द्यावेत: अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता, आणि आईला नंतर जमिनीवर बसता येईल का? चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याच्याजवळ उत्तरे असतात. त्याने सांगितले, की 'या गुडघ्यासाठी मला मोठाच छेद घ्यावा लागेल, कारण मला नीट दिसले पाहिजे', तर ते मागासलेपणाचे लक्षण समजू नये. आईच्या पायावरचा व्रण दोन इंच लांब राहिला, तरी लुगड्याखाली तो कोणाला दिसणार नाही. आतली तबकडी चार मिलिमीटर चुकली, तर ती चूक तिला पावलोपावली जाणवू शकते.